यंत्राने पिक्चर मोजला, माणूस सुटला

गोदीत माल मोजणारा टॅली क्लार्क असतो. इतका उतरला, इतका चढला. गोणीखाली पाठ कुणाची होती, ते त्याच्या वहीत नसतं. पिक्चर मोजणाऱ्या यंत्राबद्दल ऐकलं तेव्हा मला तोच आठवला.

यंत्राची अक्कल साधी. पिक्चर म्हणजे सेकंदाला चोवीस फोटो. एका फोटोतले रंग मोजायचे, पुढच्यातले मोजायचे, फरक ठरल्या रेषेवर गेला की म्हणायचं, इथं कट. वीज चमकली की फसतं. एक चित्र दुसऱ्यात हळूहळू विरघळलं तरी फसतं. तुकडे पडले की चिठ्ठ्या लागतात : माणूस, बाई, घर, डुक्कर, गर्दी.

आता 'फँड्री' घ्या. नागराज मंजुळेचा, २०१४ च्या फेब्रुवारीत थेटरात लागलेला. अख्खं घर डुकरामागं धावतंय, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थिजतात आणि डुक्कर पळून जातं. यंत्र लिहिणार : हालचाल नाही. अरे, छातीत जी कालवाकालव होते ती काय तुझा काका मोजणार? पुढं डुक्कर टांगून नेतात, मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. यंत्र म्हणणार : भिंत, चित्रं, माणसं, प्राणी. शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्या थोबाडावर येतो, पडदा काळा. यंत्राच्या लेखी तो फक्त अंधार.

तरी मी यंत्र फोडा म्हणत नाही. मोजणी आपल्याला पाहिजेच. २०१८ साली आयबीएम आणि दिल्लीकडच्या संशोधकांनी चार हजार हिंदी पिक्चरच्या कथा आणि ८८० ट्रेलर यंत्राला चाळायला लावले. बाईच्या वाट्याला रूप, बाप्याच्या वाट्याला ताकद, हे आकड्यानं पुढं आलं. झकास! पण जात त्या तराजूत नव्हती.

लगेच एखादा शहाणा म्हणेल, मग यंत्राला तोंडावरून जात ओळखायला शिकवा. खबरदार! तोंडावर जात नसते, ती बघणाऱ्याच्या डोळ्यात असते. हे शिकलेलं यंत्र म्हणजे वीज पिऊन आलेला गावचा पाटील. त्याच २०१८ मध्ये अमेरिकेत बुओलाम्विनी आणि गेब्रू या दोघींनी दाखवलं : चेहऱ्यावरून बाई की बाप्या सांगणारी यंत्रं गोऱ्या पुरुषांत शंभरात एकदाही धड चुकत नव्हती, काळ्या बायांत मात्र चौतीसपर्यंत चुकत होती. शिकवताना कुणाचे फोटो घातले होते, समजून घ्या.

म्हणून तुकडे यंत्राला पाडू दे, चिठ्ठी आपण लिहू. पात्राचं नाव, काम, वस्ती, पाणी कुठून भरतो. किती सेकंद दिसला, बोलला का, चेहरा जवळून दाखवला की कडेला गर्दीत ढकलला.

माझा बाप जत्रेतल्या तंबूत पैसे नसले की पडद्याच्या मागून पिक्चर बघायचा. नावं उलटी दिसायची. उंब्रजला सुट्टीवर आलोय तर त्याला घेऊन 'सुजाता' लावणार आहे, बिमल रॉयचा, १९५९ चा. वहीत रकाने आखलेत. घड्याळ त्याच्या हातात, पेन्सिल माझ्या.