डुकरीण विकण्यापूर्वी

नवी मुंबईची बाजारपेठ हाताशी असल्याने पनवेलकडील ज्या शेतकरी बंधूंच्या मनात वराहपालनाचा जोडधंदा करावयाचा असेल, त्यांस एक गोष्ट आग्रहाने सांगणे अवश्य वाटते. डुकरीण धष्टपुष्ट, खाणेपिणे यथास्थित. तथापि ती वारंवार उलटते किंवा दोनचारच पिले देते, आणि मालक त्रासून ती खाटकास विकतो. आमच्या मते हा न्याय उफराटा होय. पार्व्हो विषाणूची बाधा मातेस बहुधा जाणवतही नाही. घाला पडतो तो गर्भावर. गर्भकाल सुमारे ११४ दिवसांचा. अगदी आरंभी मेलेले गर्भ पोटातच जिरतात; पुढे, ७० दिवसांपर्यंत मेलेले सुकून लहानमोठ्या आकारांत बाहेर पडतात. ते उकिरड्यावर फेकण्याची आपल्याकडे भारी घाई! स्वाइन फीव्हर व जपानी मेंदूज्वर यांतही असे गर्भ पडत असल्याने अंदाजावर न विसंबता ते बर्फात ठेवून पशुवैद्यामार्फत तपासून घ्यावेत. पार्व्होच ठरल्यास, बाधा सोसलेल्या डुकरिणीस पुढे बहुधा त्याचे भय उरत नाही. म्हणजे विकली जाते ती नेमकी राखण्याजोगी. हा विषाणू वराहगृहात महिनोगणती टिकतो, आणि तिच्या जागी आणलेली पहिलारू लस न टोचताच तेथे फळविली जाते.