तीन ठिपक्यांची सत्ता

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पिकाचे नाव कोठे लिहिलेले असते, हे लातूर-नांदेडकडच्या ज्या शेतकऱ्याला वाचता येत नाही त्यालाही ठाऊक असते. सात वर, बारा खाली. वर नाव आणि क्षेत्र, खाली हंगाम आणि पीक. कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा असला तरी 'इथं काय लिवलंय ते सांग' म्हणून बोट नेमके कोठे ठेवायचे, हे त्याला कळते. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेले आहे, आणि ते टिकले याचे कारण नमुना जागचा हलत नाही. १९७१च्या नियमांनी तो बांधून दिलेला आहे. २०२०मध्ये उताऱ्याच्या रूपात बदल करायचे ठरले तेव्हा शासनाला तसे जाहीर करावे लागले. काय बदलले ते वर्तमानपत्रांत छापून आले, त्यावर कोणालाही बोलता आले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून बारा नंबरच्या या नमुन्यात पीक भरण्याचे काम तलाठ्याच्या लेखणीकडून शेतकऱ्याच्या स्मार्टफोनकडे आले. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' हे त्या ई-पीक पाहणीचे घोषवाक्य. मला ते मनापासून पटते. शिवारात पाऊल न टाकता चावडीत बसून लिहिलेला पेरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि त्याची भलामण करण्यासाठी हा लेख नाही.

आक्षेप वेगळाच आहे. कागदाचा नमुना शासनाचा होता, म्हणजे अखेर आपला होता. पडद्याचा नमुना तसा नाही. त्यावर मराठी शब्द कोणते यावेत एवढे पुण्या-मुंबईत ठरते; परंतु ते शब्द ज्या चौकटीत बसायचे ती चौकट, म्हणजे मागे कसे जायचे, बाकीचे पर्याय कोठे दडवायचे, पडद्याची कोणती कड कोणाच्या ताब्यात राहणार, हे सारे कॅलिफोर्नियातील एक कंपनी ठरवते आणि वर्षादोनवर्षांनी पुन्हा ठरवते. सार्वजनिक दफ्तराचे एक पान आपण अशा भिंतीवर चिकटवले आहे जी घरमालक विचारल्याशिवाय सरकवतो. याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही.

हे बोलणे हवेतले वाटू नये, म्हणून एका बटणाची हकिकत सांगतो.

२००३मध्ये आलेला नोकियाचा ११०० हा फोन खेड्यापाड्यांत किती पोचला हे सांगायला नको. त्याच्या पडद्याखाली एक मोठी कळ होती आणि त्या कळीच्या बरोब्बर वर, पडद्यावर, ती दाबल्यास काय होईल याचा शब्द उमटत असे. कळ एकच, शब्द प्रसंगानुसार बदलणारा. स्पर्शाच्या फोनांनी पुढे जे काही आणले ते या साध्या सौजन्याला सोडून आणले. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८चा. त्याच्यावर आणि त्यानंतर आपल्याकडे आलेल्या स्वस्त-महाग फोनांवर 'मेनू'ची एक स्वतंत्र कळ असे. पुष्कळ फोनांत तिच्यावर शब्द नव्हता, आडव्या रेघांची खूण होती. पण जागा पक्की होती. कोणतेही ॲप उघडा, अडलात की ती कळ दाबा, इथे काय काय करता येते ते समोर येई. सातबाऱ्यावर बोट ठेवण्यासारखेच हे.

२०११मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्त्यांत ही कळ काढायला घेतली आणि जानेवारी २०१२मध्ये आज्ञावली लिहिणाऱ्यांना उद्देशून तिचा रीतसर निरोप घेतला. सांगितले जाणारे कारण वाजवीच होते: कळ दाबून पाहिल्याशिवाय आत काही आहे की नाही हे कळत नाही, तेव्हा कामाच्या गोष्टी पडद्यावर दिसल्या पाहिजेत. आता, दिसल्या पाहिजेत म्हणून काय केले? ज्या बसतील त्या वरच्या पट्टीत आणि ज्या बसणार नाहीत त्या तीन उभ्या ठिपक्यांच्या पोटात! म्हणजे लपवणे राहिलेच, फक्त लपवण्याची जागा बोटाला ओळखू येईल अशी उरली नाही. जागा पुरली तर चिन्हाशेजारी शब्द आणि न पुरली तर नुसते चिन्ह, असाही तो संकेत. मराठी शब्द इंग्रजीहून रुंद, मात्रा-उकारांमुळे उंचही. तेव्हा छोट्या पडद्यावर बळी कोणाचा जाणार हे उघड होते. 'अधिक पर्याय' अशा अर्थाचे एक नाव त्या ठिपक्यांना आहे, मराठीतही आहे. पण दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी सोयच काय ती ते उच्चारते. डोळसांना ते सहसा दिसत नाही.

त्या संक्रमणकाळातला गोंधळ तर प्रहसनात शोभावा असा. सॅमसंगने आपल्या फोनांवरची मेनूची कळ २०१३च्या गॅलेक्सी एस-४पर्यंत ठेवलीच. आणि व्यवस्थेचा नियम असा की फोनला कळ असेल तर ठिपके दाखवायचे नाहीत, नसेल तर दाखवायचे. एकाच घरातल्या दोन भावांचे दोन फोन, त्यांवर एकच ॲप, पण एकाला ठिपके आहेत आणि दुसऱ्याला नाहीत. पुण्याला गेलेल्या मुलाने गावाकडच्या वडिलांना फोनवरून 'वर तीन ठिपके आहेत त्यावर दाबा' असे सांगायचे आणि पलीकडून 'ठिपकेबिपके काही नाहीत' असे उत्तर यायचे. दोघेही खरेच बोलत असत. कित्येक आज्ञावलीकारांनी मग 'या फोनला कळ नाही' असे खोटेच व्यवस्थेला भासवणाऱ्या दोन-चार ओळी आपल्या ॲपमध्ये घुसडल्या, केवळ सर्वांना सारखे दिसावे म्हणून. समानतेसाठी खोटे बोलावे लागणे ही कोणत्याही राज्यव्यवस्थेची चांगली खूण नव्हे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण पद्धत तीच. डाव्या कडेतून ओढून काढायचा खण आला, त्याच्या तोंडाशी तीन आडव्या रेघा. ही खूण मुळात १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढली होती. गूगलने स्वतःच या खणाची भलामण केली, लोकांनी तो शिकून घेतला आणि २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये तीच कड 'मागे जा' या बोटाच्या खुणेला देऊन टाकली. खण ओढायला जावे तर माणूस ॲपबाहेर! ॲपने स्वतःसाठी प्रत्येक कडेवर जास्तीत जास्त किती जागा राखावी यालाही मर्यादा घातली: २०० डीपी. (डीपी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात जळते ती नव्हे, पडद्यावरची लांबी मोजण्याचे हे एकक आहे. कंपनीकडे खेटे मात्र दोन्हींसाठी घालावे लागतात.)

आणि आता ताजे. अँड्रॉइड १५साठी बांधलेल्या ॲपचा मजकूर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, म्हणजे वरच्या आणि खालच्या व्यवस्थापट्ट्यांच्याही खाली पसरलाच पाहिजे, असा दंडक २०२४मध्ये आला. आज्ञावलीकाराने त्याची वेगळी तजवीज केली नाही तर तळाशी असलेले 'जतन करा' किंवा 'पुढे' हे बटण फोनच्या स्वतःच्या बटणांखाली जाते. दिसते अर्धे, दाबले जाते दुसरेच. अँड्रॉइड १६ने या दंडकातून बाहेर राहण्याची पळवाटही बुजवली. 'तुम्ही जुन्याच आवृत्तीसाठी ॲप बांधा की' असे कोणी म्हणेल. ते चालत नाही. २०१८पासून प्ले स्टोअरवर नवे किंवा सुधारलेले ॲप ठेवायचे तर अलीकडच्या आवृत्तीसाठीच बांधावे लागते. अँड्रॉइड १५साठीची मुदत होती ३१ ऑगस्ट २०२५. त्याआधीच्या दोन वर्षांतही तारीख ३१ ऑगस्टच. खरिपाची पीक पाहणी शेतकऱ्याने करायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे उदगीर-देगलूरच्या शिवारात सोयाबीन फुलोऱ्यात-शेंगेत असताना, ज्या महिन्यात त्या ॲपला हातही लावू नये त्याच महिन्यात, चौकट बदलण्याची मुदत संपते. ही तारीख कोणी दुष्टाव्याने निवडलेली नाही. ती निवडणाऱ्याला खरीप हा शब्दच माहीत नाही, एवढेच.

यावर जाणकारांचे ठरलेले उत्तर असते: एकसारखेपणा. सर्व ॲपे एकाच वळणाची असली की एक शिकले म्हणजे सगळी येतात. प्रत्येकाने आपापली बटणे हवी तेथे लावली तर बजबजपुरी होईल. हा युक्तिवाद मी झटकून टाकत नाही. ठेकेदारांनी बनवलेल्या सरकारी संकेतस्थळांचे रंग आणि हलत्या पट्ट्या ज्याने सोसल्या आहेत, तो शिस्तीची टवाळी करणार नाही. पण हा एकसारखेपणा एका ॲपपासून दुसऱ्या ॲपपर्यंतचा आहे. गेल्या वर्षापासून या वर्षापर्यंतचा नाही. दिवसातून पन्नास ॲपे उघडणाऱ्याला पहिला उपयोगी. वर्षातून दोनदा, खरिपाला आणि रब्बीला, एकच ॲप उघडणाऱ्याला दुसरा हवा असतो, आणि तो त्याला कधीच दिला गेला नाही. गेल्या हंगामात जे शिकला ते या हंगामात निरुपयोगी ठरते आणि वर त्यालाच 'डिजिटल साक्षरता नाही' म्हणून हिणवले जाते. निरक्षर कोण, अक्षरे न शिकणारा की रोज नवी बाराखडी काढणारा?

ई-पीक पाहणी बनवणाऱ्यांच्या बाजूने एक सांगितलेच पाहिजे. त्यांनी मुख्य कामे ठिपक्यांत कोंडली नाहीत. 'पीक माहिती नोंदवा', 'बांधावरची झाडे नोंदवा' असे धडधडीत मराठी शब्द पहिल्याच पडद्यावर मांडले. व्यवस्थेने दिलेल्या वळणापेक्षा हे शहाणपणाचे आहे. पण ही मोकळीक मधल्या भागापुरती, आणि त्या भागाच्या कडा दरसाल दुसरा कोणी आखतो.

यात पणाला काय लागले आहे? २०२३च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना शासनाने हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले तेव्हा अट होती ई-पीक पाहणीतील नोंदीची. नोंद नसलेल्यांचा आवाज उठल्यावर २०२४मध्ये सातबाऱ्यावरची पिकाची नोंदही ग्राह्य धरण्याचा निर्णय घ्यावा लागला. ज्यांच्या नोंदी राहिल्या त्या सगळ्या बटणांमुळे राहिल्या असे म्हणणे खोटे ठरेल. रेंज नव्हती, सर्व्हर चालत नव्हता, खाते सामाईक होते, फोनच नव्हता. परंतु शेवटी मदतीला आला तो जागचा न हललेला कागद, हे ध्यानात ठेवावे.

मराठवाड्याला ही गोष्ट नवी नसावी. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात. घरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दफ्तर उर्दूत. जमीन आपली, पण तिच्यावर काय लिहिले आहे ते सांगायला वाचणारा शोधायचा, आणि त्या वाचणाऱ्याच्या हाती गावाची नाडी. २०२३मध्ये न्या. शिंदे समितीने कुणबी नोंदी धुंडाळायला घेतल्या तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पुन्हा पडली. उर्दूचा यात दोष नाही, ती फार देखणी भाषा आहे. दोष होता आपले दफ्तर आपल्याला वाचता न येण्याचा. आता २०२४च्या रब्बीपासून गावोगाव पीक पाहणीचे 'सहायक' नेमले गेले. शेतकऱ्याची मुदत संपली की उरलेल्या गटांची नोंद ते करतात. त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण 'मीच नोंदवणार' या घोषणेनंतर तीन-चार वर्षांतच पडदा वाचणारा मनुष्य नेमावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या देयकपद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. मार्च २०२४मध्ये शुल्काच्या वादात काही भारतीय ॲपे, त्यांत लग्न जमवणारी आणि नोकऱ्या शोधणारी, स्टोअरवरून उतरवली गेली, तेव्हा केंद्र सरकारने मध्ये पडून ती परत आणवली. म्हणजे सत्ता कोणाकडे आहे हे दिल्लीला कळते. पण भांडण नेहमी पैशाचे: कोणाचे ॲप आधीपासून फोनमध्ये असावे, कमिशन किती. बटण कोणी कोठे ठेवावे याबद्दल कोणी फिर्याद घेऊन गेलेले नाही. अर्धे झाकलेले बटण दाबता न आलेला मनुष्य कोणत्या आयोगाकडे जाणार?

काही करण्यासारखे नाही असे नाही. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानाला प्ले स्टोअरची ३१ ऑगस्ट लागू होत नाही. पीक नोंदवण्याचा तोच अर्ज अशा साध्या पानावर, शब्दांच्या बटणांसह, कायम उघडा ठेवता येईल. बारा नंबरच्या नमुन्याला जसा नियम आहे तसा पडद्यावरील अर्जालाही असावा: कोणता शब्द, कोणत्या क्रमाने, आणि बदलायचे असेल तर पेरणीआधी चावडीवर जुन्या-नव्या पडद्यांची चित्रे लावून, हंगाम चालू असताना मुळीच नाही. प्ले स्टोअरच्या मुदतीला वाढ मागण्याची सोय आहे, ती दोन महिन्यांची असते आणि आज्ञावलीकाराला स्वतःच मागावी लागते. खरिपाच्या पाहणीला तेवढी पुरते.