ऊर्जा नको, नजर हवी

सकाळी साडेपाचला अमरावतीच्या वडाळी आणि छत्री तलावाच्या काठावर किंवा अकोल्याच्या नेहरू पार्कात गेले की चालणारे, धावणारे, प्राणायाम करणारे आणि नुसतेच गप्पा मारणारे असे सगळे भेटतात. अलीकडे या मंडळींच्या मोबाइलवर आणखी एका साधनेची ओळख येऊन पोचते. संथ हालचाली, खोल श्वास, तळव्यांमध्ये जणू चेंडू धरल्यासारखे हात आणि खाली शीर्षक, ‘शरीरातील ऊर्जा जागी करा’. चीनमधील ताओ परंपरेतून आलेल्या चीगाँग आणि ताई ची या त्या पद्धती. चित्रफीत फुकट असते. पुढे शिबिराचे निमंत्रण येते आणि तेथे शुल्क लागते. साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसापुढे मग साधा प्रश्न उभा राहतो. हे शिकावे का, आणि शिकायचे तर शिक्षकासाठी पैसे आणि वेळ खर्च करावा का?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. ‘हजारो वर्षांची विद्या आहे, गुरूशिवाय मिळत नाही’ हे एक, आणि ‘सगळे थोतांड आहे’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याचे काम सोपे करतात. गुडघेदुखीच्या माणसाचे नाही.

परंपरा जुनी आहे यात शंका नाही. चीनमधील चांग्शा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३ मध्ये उत्खननात सापडलेल्या थडग्यात रेशमावर काढलेला एक तक्ता मिळाला. त्यावर व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या ४४ आकृत्या आहेत. ते थडगे इसवी सनपूर्व १६८ मधील आहे. मात्र आज ‘चीगाँग’ या नावाने जे शिकवले जाते, त्याची मांडणी बरीच नवी आहे. १९५० च्या दशकात लिऊ गुइझेन यांनी जुन्या श्वसनपद्धतींतील गूढ भाग बाजूला ठेवून त्या आरोग्यधामांत रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली आणि हे नाव रूढ झाले. ताई चीचा आज जगभर शिकवला जाणारा २४ हालचालींचा सोपा क्रमही १९५६ मध्ये बसवलेला आहे. म्हणजे ‘हजारो वर्षांपासून जसेच्या तसे’ हा दावा खुद्द चीनमध्येही टिकत नाही. तेथील लोकांनी जुन्यातले उपयोगाचे निवडले, उरलेले सोडले. तो अधिकार वऱ्हाडातल्या माणसालाही आहे.

निवडायचे कशावरून? चाचण्यांवरून. अमेरिकेत पार्किन्सन झालेल्या १९५ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, तासभर, असे २४ आठवडे ताई ची शिकलेल्यांचा तोल इतरांपेक्षा सुधारला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. २०१८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आणि पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत ताई ची गटातील पडण्याचे प्रमाण ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. गुडघ्याच्या संधिवातावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०४ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांच्या ताई चीचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला.

म्हातारपणी पडणे ही किरकोळ गोष्ट नाही. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि चालता-फिरता माणूस कायमचा खाटेला लागला, असे एक तरी घर प्रत्येक गल्लीत असते. त्यानंतर घरातल्या सुनेचे किंवा मुलीचे आयुष्यही त्या खाटेभोवती फिरू लागते. पडणे टाळणारा कोणताही व्यायाम म्हणूनच मोलाचा. तो चीनचा आहे की लोणावळ्याचा, याने फरक पडत नाही.

आता दुसरी बाजू. या पद्धतींचा पाया म्हणून जी ‘ची’ नावाची प्राणऊर्जा सांगितली जाते, ती आजवर कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. हातांतून ऊर्जा सोडता येते किंवा दुसऱ्याची ऊर्जा हाताला जाणवते, या दाव्याची एक सुंदर परीक्षा एमिली रोझा या अमेरिकेतील शाळकरी मुलीने घेतली. प्रयोग सुरू केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चीगाँगपेक्षा वेगळ्या, पण असाच दावा करणाऱ्या ‘स्पर्शचिकित्सा’ पद्धतीचे २१ उपचारक तिने पडद्याआड बसवले. पडद्याच्या छिद्रातून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढायचे, ती आपला हात त्यांच्या एका हाताजवळ धरणार आणि तो कोणता हे त्यांनी ओळखायचे. २८० प्रयत्नांत बरोबर उत्तरे आली ४४ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा प्रयोग छापून आला.

मग सरावात तळवे गरम होतात, मुंग्या येतात, काहीतरी वाहते आहे असे वाटते, ते खोटे का? नाही. संथ श्वास आणि शांत बसलेले मन यांमुळे हातांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, तळवे उबदार होतात. शिवाय एकाच जागी लक्ष लावले की एरवी न जाणवणारी संवेदना जाणवू लागते. अनुभव खरा असतो. वादाचा मुद्दा आहे तो त्याच्या स्पष्टीकरणाचा. ‘नाभीखाली ऊर्जा साठवा’ असे शिक्षक म्हणतो तेव्हा शिकणाऱ्याचा श्वास छातीतून पोटात उतरतो आणि शरीराचा भार खाली स्थिरावतो. शिकवण्याची युक्ती म्हणून हे वाक्य उत्तम आहे. तेच वाक्य ‘ही ऊर्जा तुमची साखर बरी करील’ इथवर ताणले की ते धोक्याचे होते.

शिक्षकाकडे ऊर्जा नसेल, तर त्याच्याकडे जायचे कशाला? याचे उत्तर अमरावतीला परक्याकडून घ्यावे लागत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या शहराला व्यायाम शिकवणे म्हणजे काय हे शंभराहून अधिक वर्षे दाखवले आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबावर पहिल्यांदा चढणाऱ्या पोराजवळ वस्ताद उभा असतो तो कशासाठी? पोराच्या अंगात शक्ती सोडायला नव्हे. मांडीची पकड कुठे सुटते आहे हे पोराला दिसत नाही, वस्तादाला दिसते. ‘आज इतकेच, खाली उतर’ हेही तोच सांगतो. शिक्षकाचे मोल त्या नजरेत आणि त्या थांबवण्यात आहे.

ताई चीलाही हेच लागू आहे. गुडघा वाकवताना तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत झुकतो, यावर दुखणे कमी होणार की वाढणार हे ठरते. आत झुकलेला गुडघा करणाऱ्याला स्वतःला कळत नाही, आणि मोबाइलची चित्रफीत फक्त दाखवते, ती उलट पाहत नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांमध्ये लोक ताई ची वर्गात जाऊन, प्रशिक्षकांकडून शिकत होते, हेही विसरता येत नाही. हालचालींचा वाटा किती, शिक्षकाचा किती आणि सोबत्यांचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पण ठरलेल्या दिवशी वाट पाहणारा कोणी असला की पाय घराबाहेर पडतात, हे रोज फिरायला जाणाऱ्या कोणत्याही घोळक्याला ठाऊक आहे.

गुरूबद्दल आदर ठेवून त्याचे स्पष्टीकरण तपासता येते, याचा वस्तुपाठही मराठी मुलखातच आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी बडोद्याला माणिकरावांच्या हाताखाली व्यायामाचे शिक्षण घेतले आणि नर्मदाकाठच्या माधवदासजींकडून योग शिकला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. बस्तीच्या क्रियेत पाणी आतड्यात वर कसे खेचले जाते, हा प्रश्न त्यांनी श्रद्धेवर सोडला नाही. दाबमापक लावून पाहिले, तेव्हा नौली करताना आत ऋण दाब तयार होतो आणि त्यामुळे पाणी खेचले जाते, असे आढळले. या दाबाला त्यांनी आपल्या गुरूचेच नाव दिले. तपासणीने गुरूचा मान कमी झाला नाही. क्रिया राहिली आणि तिचे कारण मात्र उजेडात आले.

जेथे अशी तपासणी सुटली, तेथे काय झाले हेही चीननेच पाहिले. १९८० आणि ९० च्या दशकांत तेथे चीगाँगची लाट आली. मैदाने भरून लोक जमत आणि ‘गुरू’ व्यासपीठावरून ऊर्जा सोडत असल्याचे सांगत. त्याच काळात अतिसरावानंतर भ्रम, भास, बेचैनी घेऊन माणसे डॉक्टरांकडे येऊ लागली. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९९४ च्या आपल्या वर्गीकरणात या अवस्थेची स्वतंत्र नोंद केली. सौम्य हालचालींनी असे होत नाही. तासन्‌तास श्वास रोखणे, उपाशीपोटी दीर्घ ध्यान आणि ‘जे दिसते ते प्रगतीचे लक्षण’ असे सांगणारा शिक्षक यांची सांगड धोक्याची असते. ज्यांना पूर्वी गंभीर मानसिक आजार होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा तीव्र साधनेत उतरू नये. रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास रोखण्याच्या प्रकारांबाबत हीच काळजी घ्यावी.

याहून मोठा धोका घरगुती आहे. शिबिरातून उत्साहाने परतलेला माणूस गोळ्या बंद करतो. मधुमेह किंवा रक्तदाब लगेच ओरडत नाही. महिने जातात आणि मग डोळा, मूत्रपिंड किंवा मेंदू किंमत मोजतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे त्यात गुन्हा ठरवले आहे. पण ‘गोळीची आता गरज नाही’ असे हळूच, आपुलकीने सांगणाऱ्या वाक्यापाठी पोलिस धावत नाहीत. तेथे शिकणाऱ्यानेच जागे राहायचे असते.

म्हणून शुल्क भरण्याआधी शिक्षकाला काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझा गुडघा, माझी शुगर, माझे ऑपरेशन यांबद्दल तुम्ही आधी विचारणार का? एका वर्गात किती जण, आणि माझी चूक दाखवायला तुम्हाला वेळ मिळेल का? चालू औषधांचे काय करायचे? सहा महिन्यांनी मला तुमच्याशिवाय हे करता यावे, असे तुम्ही शिकवणार, की पुढची ‘पातळी’ विकणार? औषधांच्या प्रश्नावर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका’ हे उत्तर देणारा शिक्षक ऊर्जेची भाषा बोलत असला तरी चालेल. हातातून ऊर्जा देतो म्हणणारा, प्रश्नाला अश्रद्धा समजणारा आणि दर पातळीला दर वाढवणारा शिक्षक मात्र कितीही प्रसिद्ध असो, त्याच्या दारातून परत फिरावे.

आणि असा शिक्षक जवळपास मिळालाच नाही तर? मग अडून बसायचे कारण नाही. तोल सुधारणारा सराव हेच खरे काम करते, आणि तो योगासनांत आहे, फिजिओथेरपिस्ट शिकवतात त्या व्यायामांतही आहे. घराजवळ जाणता योगशिक्षक असेल, तर दूरच्या शिबिरापेक्षा आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जाणे शहाणपणाचे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी व्यायाम आटोपावा. तोल ज्याचा जातो त्याने सुरुवात भिंतीजवळ किंवा खुर्चीचा आधार घेऊन करावी.

ताओ परंपरेतील ही विद्या शिकण्याजोगी आहे, आणि ती चांगल्या शिक्षकाकडून शिकणे एकट्याने शिकण्यापेक्षा बरे. मात्र पैसे कशाचे मोजतो आहोत हे मनाशी स्पष्ट असावे. अदृश्य ऊर्जेचे पैसे मोजणारा आशा विकत घेतो. नजरेचे पैसे मोजणाऱ्याला आत झुकणारा गुडघा वेळीच सरळ करून मिळतो, आणि पावसाळ्यात ओल्या अंगणातून त्याचा पाय घसरत नाही.