सेनापतीचा इशारा आणि राज्यकर्त्यांचे कान

युक्रेनचे सरसेनापती व्हॅलेरी झालुझ्नी यांना ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पदावरून दूर करण्यात आले. २०२२ मध्ये रशियन फौजांना राजधानी कीव्हच्या वेशीवरून माघारी परतविणारा हा सेनानी देशात कमालीचा लोकप्रिय होता. मात्र, युद्ध कोंडीत सापडले असल्याचे त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात जाहीरपणे मान्य केले. अध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्या मताशी उघड असहमती दर्शविली आणि तीन महिन्यांतच सेनापती बदलला. सेनापतीने अप्रिय सत्य सांगितले, तर राज्यकर्त्यांनी त्याचे काय करावे, हा प्रश्न केवळ युक्रेनचा नाही. महाराष्ट्राच्या एका सुपुत्राच्या कारकिर्दीत तो सहा दशकांपूर्वीच उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर चुकल्याची किंमत देशाने मोजली.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंगराव पाटील थोरात यांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापूर परिसरातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते १९२६ मध्ये लष्करात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या प्रारंभी ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. त्यांपैकी एक थोरात, दुसरे थिमय्या आणि तिसरे एल. पी. सेन. तिघांनाही 'डीएसओ' हा शौर्यसन्मान मिळाला. कोरियातील युद्धविरामानंतर १९५३ मध्ये युद्धकैद्यांची देखभाल करण्यासाठी भारतीय दल पाठविण्यात आले, त्याचे प्रमुखपद थोरातांकडे होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले असता स्वतः त्यांच्या गोटात शिरून त्याची सुटका करविणारा हा सेनानी होता. त्यामुळे त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप करणे कोणालाही शक्य नव्हते.

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. लोंगजू येथील चकमकीनंतर ऑगस्ट १९५९ मध्ये आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, म्हणजे तत्कालीन 'नेफा'च्या सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरातांनी संरक्षणाचा सविस्तर आराखडा दिल्लीला धाडला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. सीमेलगत ना रस्ते, ना रसद. अशा स्थितीत मॅकमोहन रेषेवर विखुरलेल्या छोट्या ठाण्यांनी शत्रूची चाहूल द्यावी. खरी लढाई मात्र मागे, बोमडिलासारख्या ठिकाणी द्यावी, जेथे आपल्याला कुमक मिळेल आणि शत्रूची रसद ताणली जाईल. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' या सरावातून त्यांनी चिनी आक्रमण कसे होईल, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडूनही दाखविले.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे पटले नाही. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केल्याप्रमाणे, तो आराखडा पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोहोचलाच नाही. लष्करप्रमुख थिमय्या यांची पसंती थोरातांना असतानाही मे १९६१ मध्ये ते पद जनरल थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीच्या काठावरील आपली ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. काही दिवसांतच तवांग आणि नोव्हेंबरमध्ये से ला व बोमडिला पडले. पुरेशी रसद नसताना सैन्य अगदी पुढे नेण्याचा जो धोका थोरातांनी सांगितला होता, तोच प्रत्यक्षात उतरला. मेनन यांना पायउतार व्हावे लागले व त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. नेहरूंनीही थोरातांना बोलावून घेतले. पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लोकशाहीत अंतिम निर्णय लोकनियुक्त सरकारचाच असतो व तो तसाच असला पाहिजे. सेनापतीही चुकू शकतो. थोरातांनी ही मर्यादा कधी ओलांडली नाही. पदावर असेपर्यंत त्यांनी आपले म्हणणे योग्य मार्गानेच मांडले. प्रश्न निर्णय कोणाचा हा नसून, तो घेण्यापूर्वी पूर्ण माहिती निर्णयकर्त्यासमोर होती काय, हा आहे. सल्ला नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. तो मध्येच अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा धडा आपण शिकलो काय? १९६२ च्या पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. त्यातील मजकूर आजही संवेदनशील असल्याचे कारण २०१० मध्ये सरकारने संसदेत दिले. २०१४ मध्ये त्याचा बराच भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला, तरीही सरकारी कुलूप निघाले नाही. माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांचे, गलवानच्या काळाविषयी लिहिलेले आत्मकथनही संरक्षण मंत्रालयाच्या छाननीमुळे २०२४ मध्ये ठरल्या वेळी प्रसिद्ध होऊ शकले नाही. लष्करी गुपिते जपलीच पाहिजेत. परंतु गुपिते जपणे वेगळे आणि चुका झाकणे वेगळे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यापासून हिमालयाची सरहद्द फार दूर वाटते. पण सप्टेंबर २०१६ मध्ये उरी येथील दहशतवादी हल्ल्यात जे जवान धारातीर्थी पडले, त्यांत वणी तालुक्यातील एका खेड्याचा तरुणही होता. सीमेवर उभा राहणारा जवान अशाच शेतकरी-शेतमजूर कुटुंबांतून येतो. दिल्लीतील टेबलावर कोणता कागद पुढे सरकला आणि कोणता फाइलमध्ये अडकला, हे त्याला कधीच कळत नाही. त्याचे परिणाम मात्र त्याच्याच वाट्याला येतात. म्हणूनच सेनापतीचा प्रत्येक गंभीर इशारा सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचेल, त्याची नोंद होईल आणि तो नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतील, अशी पक्की व्यवस्था हवी. हेंडरसन ब्रुक्स अहवाल जनतेसाठी खुला करून त्या दिशेने पहिले पाऊल टाकता येईल.