इंजिनाचे तास पुरेसे नाहीत



जुनी कॅटामरान, म्हणजे दोन हलची (तळभागांची) बोट, घेताना इंजिनाचे तास पाहून सौदा करावा, हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचा सल्ला मला पटत नाही. बोट कॅरिबियनमधली असेल तर तो धोक्याचाच. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या टोर्टोला बेटाच्या पॅराक्विटा उपसागरात आसऱ्याला बांधलेल्या कितीतरी कॅटामरान इर्मा वादळाने एकमेकींवर चढवल्या. वादळात सापडलेल्या बोटी दुरुस्त होऊन, रंग लावून पुन्हा विकल्या जातात. तासांचा आकडा त्याबद्दल काय सांगणार? दोन्ही हल सांधणाऱ्या बल्कहेडला (आडव्या भिंतीला) गेलेली चीर, डेकच्या बाल्सा लाकडात मुरलेलं पाणी, डोलकाठीचे थकलेले तारदोर, हे आधी तपासा. बोट पाण्याबाहेर काढायला लावा. सर्वेक्षक तुमचा हवा, दलालाने सुचवलेला नको. विम्याच्या जुन्या दाव्यांची कागदपत्रं मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

– एक वाचक