जेल की इंजेक्शन? आधी गरज आहे का ते बघा!

"डॉक्टर, टेस्टोस्टेरॉनचं जेल चांगलं की इंजेक्शन?" परवा ३४ वर्षांच्या एका रुग्णाने विचारलं. तक्रार थकव्याची, वजन वाढलेलं. हातात एकच रिपोर्ट, तोही संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा. सल्ला जिम ट्रेनरचा. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल हवं होतं. तेवढं मात्र त्याला कुणीच विचारलं नव्हतं!

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी ग्रंथी वृषणांना संदेश देणं कमी करते. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. म्हणजे 'पुरुषत्व वाढवणारं' औषधच बाप होण्याच्या आड येतं. जेल घ्या, इंजेक्शन घ्या, यातून सुटका नाही. हे न सांगता इंजेक्शन टोचणं म्हणजे रुग्णाची शुद्ध फसवणूक आहे.

आता प्रकारांबद्दल. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं स्वस्त असतात. पण सुरुवातीला पातळी उंच चढते आणि पुढच्या डोसपर्यंत घसरते. उत्साह आणि मूडही तसेच वरखाली होतात. रक्त घट्ट होण्याचा धोकाही यात जास्त. साधारण तीन महिन्यांनी घ्यायचं अनडेकॅनोएट इंजेक्शन पातळी स्थिर ठेवतं, पण महाग पडतं आणि त्रास झालाच तर शरीरातून काढून घेता येत नाही. जेल रोज लावावं लागतं. पातळी बरीच स्थिर राहते. मात्र ते अंगावरून बायको-मुलांच्या त्वचेला लागू शकतं. म्हणून हात धुवा, लावलेली जागा कपड्याने झाका. अनडेकॅनोएटच्या कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायच्या. रिकाम्या पोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत.

ज्यांना खरंच कमतरता आहे, म्हणजे लक्षणं आहेत आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या दोन्ही तपासण्यांत पातळी कमी आली आहे, त्यांना हे उपचार जरूर द्यावेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मात्र हिमॅटोक्रिट आणि पीएसए नियमित तपासावं लागतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं.

बाकीच्यांचं काय? आधी झोप, घोरणं, पोटाचा घेर, मधुमेह, दारू यांच्याकडे बघा. वजन उतरलं की अनेकांची पातळी आपोआप सुधारते. पण यात कुणाचा धंदा होत नाही, म्हणून हे तुम्हाला जिममध्ये कुणी सांगणार नाही!