हरणांच्या शेतातला चुना



शेतात हरणं शिरली की आपल्याकडे डबे वाजवून त्यांना हाकलतात. पण अमेरिकेत काही लोक हरणांनी यावं आणि पोटभर खावं म्हणून मुद्दाम शेत पेरतात, बरं का! तिकडे अशा शेताला 'फूड प्लॉट' म्हणतात. आपण त्याला 'हरणांचं शेत' म्हणू या.

जॉर्जिया, अलाबामा अशा दक्षिणेकडच्या राज्यांत जंगलातल्या मोकळ्या जागी अर्धा-एक एकराची अशी शेतं दिसतात. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं राहतात. नरांची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नव्यानं वाढतात. त्यासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतो. पाडसांना दूध पाजणाऱ्या माद्यांनाही सकस चारा हवा असतो. म्हणून या शेतांत क्लोव्हर पेरतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचीच बहीण. तीन-तीन पानांची, प्रथिनांनी भरलेली.

ही शेतं पेरणारे बरेच जण शिकारी असतात, हेही सांगायला हवं. तिथे परवाना घेऊन ठरावीक हंगामात हरणाची शिकार करता येते. पण त्याच शेतावर ससे, रानटर्की आणि मधमाश्याही पोट भरतात.

आता खरी अडचण ऐका. बी चांगलं, पाऊस वेळेवर, क्लोव्हर उगवतंसुद्धा. पण थोड्याच दिवसांत पिवळं पडतं आणि खुरटतं. असं का होतं? कारण माती आंबट असते!

माती किती आंबट, म्हणजे आम्लधर्मी आहे, हे 'सामू'वरून कळतं. यालाच पीएच म्हणतात. सोरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये ही मोजपट्टी काढली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. यात एक गंमत आहे. सामू एकानं उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे सामू ५ असलेली माती ७ वाल्या मातीपेक्षा किती आम्ल? दुप्पट नाही, शंभरपट!

क्लोव्हरला ६ ते ७ सामू मानवतो. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लाल मातीचा सामू पुष्कळदा ५ च्या आसपास असतो. तिथे पाऊस भरपूर पडतो. हजारो वर्षांच्या पावसानं मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि आम्लता मागे राहिली. अशा मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि कोवळ्या मुळांना मारक ठरतं. फॉस्फरस मातीत अडकून बसतो. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नायट्रोजन पकडणारे रायझोबियम जिवाणूही नीट काम करत नाहीत. मग रोप पिवळं पडेल नाही तर काय?

यावरचा उपाय जुना आहे. मातीत चुनखडीची बारीक भुकटी मिसळायची. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लाशी भिडलं की आम्ल नाहीसं होतं, पाणी तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. व्हर्जिनिया राज्यातल्या एडमंड रफिन या जमीनदारानं १८१८ मध्ये जुन्या समुद्री शिंपल्यांची चुनखडीयुक्त माती खणून शेतात टाकून पाहिली. पीक सुधारलं. १८३२ मध्ये त्यानं यावर पुस्तकही लिहिलं. मात्र ती माती खणण्याचे कष्ट त्याच्या शेतावरच्या गुलामांनी उपसले होते, हे विसरता कामा नये.

आता हरणांच्या शेताची पंचाईत अशी की ते जंगलात असतं. चुनखडीचे ट्रक तिथवर पोहोचत नाहीत. पोती पाठीवर वाहून न्यायची म्हणजे कंबरडं मोडायचं. म्हणून बाजारात 'द्रवरूप चुना' आला. अगदी बारीक दळलेली चुनखडी पाण्यात कालवून कॅनमध्ये भरलेली. फवारा मारला की झालं! एकराला एक-दोन कॅन पुरेत, असंही काही विक्रेते सांगतात.

खरंच पुरतील का? चला, पाटी-पेन्सिल घ्या.

एक एकर जमिनीतल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. समजा, माती तपासणीच्या अहवालात एकरी १ टन, म्हणजे १,००० किलो चुनखडी टाकायला सांगितली आहे. आता १० लिटरचा एक कॅन घ्या. त्याचं वजन साधारण १४ किलो धरू आणि त्यातलं निम्मं चुनखडीचं. झाले ७ किलो. मग १,००० किलोसाठी किती कॅन लागतील? १४० हून जास्त!

बरं, कॅनमध्ये पाणी नाहीच, नुसता चुनखडीचा घट्ट दगड कोंबलाय असं धरा. तरी १० लिटर जागेत सुमारे २७ किलोच मावेल. म्हणजे ३७ कॅन झाले. एक-दोन कॅनमध्ये एकराची भूक भागणार कशी?

यावर विक्रेता म्हणेल, "अहो, आमची भुकटी फार बारीक आहे!" ते खरंच आहे. कण जितका बारीक तितका तो लवकर काम करतो. जाड भुकटीला काही महिने लागतात, बारीक भुकटी थोड्या आठवड्यांत परिणाम दाखवते. पण लवकर काम करणं वेगळं आणि जास्त काम करणं वेगळं. एक किलो चुनखडी जेवढं आम्ल संपवू शकते तेवढंच संपवणार, मग ती बारीक असो की जाड, कोरडी असो की पाण्यात कालवलेली.

शिवाय मातीतलं आम्ल दोन जागी असतं. थोडं पाण्यात आणि पुष्कळसं मातीच्या कणांना चिकटलेलं. जणू खिशातली चिल्लर आणि पेटीतली पुंजी. कॅनभर चुना खिशातली चिल्लर संपवतो, सामू वर चढल्यासारखा दिसतो. मग पेटीतून नवं आम्ल बाहेर येतं आणि सामू पुन्हा घसरतो. चिकणमातीची पेटी मोठी, वाळूची लहान. म्हणून दोन शेतांचा सामू सारखा असला तरी चुना कमी-जास्त लागतो.

आणखी एक फसगत टाळायला हवी. 'द्रवरूप कॅल्शियम' म्हणून विकलं जाणारं काही वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यातून कॅल्शियम मिळतं, पण आम्लता हटत नाही. आम्ल संपवतो तो कार्बोनेट, कॅल्शियम नव्हे!

मग द्रवरूप चुना अगदी निरुपयोगी का? नाही. लहानशा तुकड्यावर, पेरणी तोंडावर आलेली असताना तो तात्पुरता हात देतो. पण टिकाऊ काम करायचं तर आधी माती तपासायची. शेतात १५-२० ठिकाणची माती घेऊन एकत्र मिसळायची आणि त्यातली मूठ-दोन मूठ प्रयोगशाळेत द्यायची. अहवालात सांगितली असेल तेवढी भुकटी पेरणीच्या तीन ते सहा महिने आधी टाकून मातीत मिसळायची. मगच क्लोव्हर पेरायचं.

आपल्या कोकणातही अशीच गोष्ट आहे. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्या दगडाची तांबडी माती आम्ल असते. उलट देशावरच्या काळ्या मातीत पुष्कळदा चुनखडीचे खडेच सापडतात, तिला आणखी चुना घालणं म्हणजे गोड शिऱ्यात साखर ओतणं! तेव्हा शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपण टाकला, असं करू नका. पालकहो, माती तपासणीची सोय आपल्याकडेही आहे, तिचा उपयोग जरूर करा.

करून पाहा

अंड्याचं टरफल किंवा शिंपला धुऊन वाळवा. तोही कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. त्याचे सारख्या वजनाचे दोन भाग करा. एक भाग तसाच ठेवा, दुसरा मोठ्यांच्या मदतीनं खलबत्त्यात अगदी बारीक कुटा. दोन पेल्यांत सारखाच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन त्यांत एकेक भाग टाका. बुडबुडे कुठे आधी येतात, कुठे जास्त वेळ येत राहतात, ते घड्याळ लावून वहीत लिहा. कळीच्या चुन्याला मात्र हात लावू नका, त्यानं कातडी भाजते.

आणि सांगा बरं, दोन्ही पेल्यांतलं टरफल पूर्ण विरघळलं, तर शेवटी संपलेलं आम्ल सारखं असेल की कमी-जास्त? आधी उत्तर लिहून ठेवा, मग आईबाबांना विचारा. बघू, तुमचं उत्तर जुळतं का!